कडेवरची सृष्टी

प्रतिभाने गोधडी दुहेरी करून अंथरली आणि सृष्टीला तिच्यावर पालथं घातलं. पोरीने मान वर केली, तळहात टेकले, एक गुडघा पोटाखाली ओढला. तेवढ्यात सासूबाई, कलाबाई, आत आल्या. हातातली झेंडूची पाटी ठेवून त्यांनी नातीला उचललं.

"आत्याबाई, राहू द्या ना तिला खाली."

"तोंडावर पडंल."

"पडू द्या. डॉक्टर काय म्हणाले? बसते छान, पण कडेवरून उतरलीच नाही तर रांगणार कधी?"

कलाबाईंनी पोरीला कडेवर घेतलं. सृष्टी बसायला लागल्यापासून हे असंच चाललं होतं. नवरा, ज्ञानेश, सातपूरला कारखान्यात पाळीवर गेला, की मखमलाबादच्या त्या मळ्यातल्या घरात दोघीच. आणि पोर सासूच्या कडेवर. फुलं खुडायला जातानाही त्या तिला झोळी करून पाठीशी बांधून नेत.

आज मात्र प्रतिभाचा धीर सुटला. तिने पोरीला त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. सृष्टी कळवळून रडली. कलाबाई रिकामे हात मांडीवर घेऊन खाली बसल्या.

"माझा थोरला, झुंबर, असाच रांगत गेला," त्या म्हणाल्या. "मी वाफ्यात फुलं खुडत व्हते. पाट भरून चालला व्हता."

लग्न होऊन आल्यापासून हे नाव प्रतिभाने या घरात कधी ऐकलं नव्हतं.

"यांना माहीत आहे?"

"त्यो तवा पोटात व्हता. मग कोन सांगनार? आन् कशाला?"

प्रतिभाने पदराने पोरीचं नाक पुसलं आणि तिला परत सासूच्या मांडीवर ठेवलं. स्वतः भिंतीला टेकून बसून राहिली. बाहेर मळ्याला पाणी चालू होतं. त्याचा आवाज घरात येत होता.

बऱ्याच वेळाने कलाबाईंनी सृष्टीला गोधडीवर सोडलं आणि उठून दारात आडव्या बसल्या. सृष्टी हातांवर झुलली, पुढे कलंडली, नाकावर आपटली. कलाबाईंची मूठ लुगड्यात वळली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. पोर रडायचं विसरून पुन्हा उठली. एक गुडघा सरकला, मग दुसरा. गोधडी संपून गार फरशी लागली, तरी ती थांबली नाही. आजीच्या मांडीवर हात रोवून तिने बाहेर डोकावलं.

प्रतिभा दार लोटायला घाईने उठली.

"असू दे उघडं," कलाबाई म्हणाल्या. "मी हाय हितं."