थोरल्याच्या दारातलं झाड

मधलीने फाटक ढकललं तर ते अर्ध्यावरच अडलं. आत भलीमोठी फांदी आडवी पडली होती, आणि तिच्याशेजारी थोरला हातात झाडू घेऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पाला गोळा करत होता. शिडीवरचा माणूस करवत घेऊन खाली उतरत होता.

"दादा, हे काय केलंस?"

"तारांना लागत होती. रीतसर परवानगी काढलीय."

परवानगी एका फांदीची असणार हे तिला मान वर न करताही कळलं असतं. मान वर केल्यावर तिने कपाळाला हात लावला. घराकडची सगळी बाजू साफ! अर्धी हजामत टाकून न्हावी पळाल्यासारखं झाड उभं होतं. सकाळपासून बसमध्ये अंग आंबवून घेतलं ते हे बघायला, असं तिला झालं.

आज दुपारी वाटणीच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. घराचे दोन भाग शेजारी शेजारी, एक थोरल्याचा आणि एक धाकट्याचा. मधलीने आपला हक्क सोडला होता, तोही एका अटीवर: दोन्ही भागांमधलं दार बुजवायचं नाही. दोघं त्या दारातून एकमेकांकडे गेले, बोलले, एवढंच तिला हवं होतं. झाडाकडचा भाग आधी कुणालाच नको होता. पाला, पाखरांची घाण, मुळांनी उचकटलेल्या फरश्या, कोण घेणार? मी एकटा जीव, मला काय, म्हणत थोरल्याने तो घेतला, तेव्हा सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. त्याला स्वतःला जरा जास्तच.

मग किंमत ठरवणाऱ्या बाई आल्या. सकाळच्या वेळी रस्त्यावर उभं राहून त्यांनी फोटो काढले, थोरल्याच्या अंगणातली गार सावली बघितली आणि निकाल दिला. शहरात हल्ली दारासमोर असं जुनं झाड असलं की घराला भाव येतो. म्हणजे थोरल्याचा भाग भारी, वरचा फरक त्याने धाकट्याला द्यावा.

झालं, तिथे घोडं अडलं. झाड रस्त्याचं, पाला जन्मभर याने झाडायचा, आणि वर पैसेही यानेच द्यायचे, म्हणून थोरला भडकला. धाकटा म्हणाला, नियम म्हणजे नियम. बोलाचाली वाढली तशी धाकट्याने मधल्या दाराला आपल्या बाजूने कडी घातली, आणि थोरल्याने तिरीमिरीत गवंड्याला सांगून टाकलं, ये आणि दार चिणून टाक. तो उद्या यायचा होता. मधलीची अट गेली खड्ड्यात. दोन्हीकडे फोन करकरून तिचा घसा बसला होता.

"आता घ्या म्हणावं भाव," झाडू आपटत थोरला म्हणाला. "बाईंना परत बोलाव. काढू देत फोटो."

"तुम्हा दोघांपुढे हात टेकले मी," मधली म्हणाली आणि फांदीवरून पाय टाकून आत गेली.

जेवणं झाल्यावर धाकटा आला, तो रस्त्याने वळसा घालून, परक्यासारखी बेल वाजवून. खोलीच्या पार त्या टोकाला बसला. थोरल्याने आज घड्याळांचं दुकान बंद ठेवलं होतं. एरवी या वेळी तो कधी घरी नसायचा, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. मधलीने कागद मांडले आणि पेन शोधायला पिशवी उपसली.

तेवढ्यात मधल्या दाराची कडी पलीकडून खाडकन निघाली. धाकट्याची बायको, धाकटी, आत आली. दोन्ही हातांत शिलाई मशीन कवटाळलेलं, चेहरा घामाने डबडबलेला.

"दादा, जरा सरका," ती म्हणाली आणि खिडकीपाशी जमिनीवर मशीन टेकवलं.

"इथे कशाला?"

"तिकडे बसवत नाही. थेट अंगावर ऊन येतंय."

"रोज नाही येत?"

"रोज झाड होतं ना," गिऱ्हाइकाला बाहीचं माप सांगावं तशी धाकटी म्हणाली.

थोरल्याला ते उमगायला वेळ लागला. मग तो उठला आणि दारातून पलीकडे गेला. याचा काही नेम नाही म्हणून मधलीही मागोमाग गेली. धाकट्याच्या बाहेरच्या खोलीत ऊन पलंगावरून चढून भिंतीपर्यंत पोचलं होतं. थोरला त्या उन्हात उभा राहून खिडकीतून तोडलेल्या फांदीच्या पांढऱ्या खुणेकडे बघत राहिला. सकाळी दुकानाला निघताना सावली आपल्या अंगणात असायची, तेवढीच त्याला माहीत होती. दुपारी ती कुठे जाते हे बघायला तो घरी होता कधी?

परत येऊन तो धाकट्यासमोर थांबला.

"तुला माहीत होतं?"

धाकट्याने मान खाली घातली. "होतं."

"बाई आल्या तेव्हाही?"

"तेव्हाही."

आता भडका उडणार म्हणून मधली मध्ये सरकली. पण थोरला खुर्चीत मटकन बसला. त्याचा चेहराच उतरला.

"म्हणजे मी तोडली ती तुझी सावली होती," तो म्हणाला.

पाला ज्याने झाडला त्याच्याकडूनच धाकटा सावलीचे पैसे मागत होता. मधलीच्या जिभेवर दोघांसाठी सणसणीत काहीतरी आलं होतं. कुणाला आधी सुनवावं हे काही तिचं ठरेना.

"मशीनचं टेबल तिकडेच राहिलंय," धाकटी म्हणाली. "ते काय मी एकटीने आणू?"

दोघं एकदमच उठले. टेबल जुनं, जड, आणि दार अरुंद. थोरला पुढे, धाकटा मागे. तिरकं कर, अरे तिकडून नाही, तू उचल आधी, असं करत टेबल बरोबर चौकटीत जाऊन अडकलं. ना पुढे, ना मागे.

कागदांवर ठेवलेला थोरल्याचा फोन वाजला. त्याचे हात अडकलेले, म्हणून मधलीने उचलला. गवंडी होता. उद्या किती वाजता येऊ, विचारत होता.

मधलीने दाराकडे बघितलं. टेबलाच्या अलीकडे एक भाऊ, पलीकडे दुसरा, आणि दोघांची तोंडं अखंड चालू.

"उद्या नका येऊ," ती म्हणाली.

"मग कधी येऊ?"

"झाडाला फांदी फुटली की कळवते," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि टेबल कसं तिरकं करायचं ते त्या दोघांना सांगायला उठली.