भाग जात न्हाई

एकसष्ट साली संगमनेरच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघता बघता राधाकृष्णानं आणि मी एक आकडा तयार केला. एक अंक त्यानं सांगायचा, एक मी, असे दहा: ३४३४७०७४२७. दोघंही गणिताचे मास्तर, तेव्हा लगेच वाद लागला, ही मूळ संख्या असेल का? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जायला नको. तो म्हणाला, असणारच. मी म्हणालो, भागून बघू. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे साधारण अठ्ठावन्न हजार सहाशेपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं होतं. तीस हजारांपर्यंतच्या मी माझ्या गावी, केडगावात घेतल्या, पुढच्या त्यानं संगमनेरात. अकरा वर्षं हा उद्योग चालला. माझी बायको याला खूळ म्हणायची. असेलही, पण मला आयुष्यात दुसरं काही मोठं जमलं नाही.

बहात्तरच्या उन्हाळ्यात राधाकृष्ण गेला. "कानिफ, आपला आकडा मूळच निघाला बघ," एवढं मला सांगून समाधानानं गेला.

दहाव्यानंतर त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, वह्या माझ्यापुढं ठेवल्या. पंचेचाळीस हजारांनंतर अक्षर बदललेलं होतं. बाकीचा रकाना बघितला आणि मी हादरलो. सेहेचाळीस हजारांच्या भाजकाला बाकी त्रेपन्न हजार! बाकी कधी भाजकापेक्षा मोठी असते का? चौथीतल्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी त्याचा कान पिळला असता.

"वहिनी, हे कुणी लिहिलं?"

"मीच. त्यांला दिसंना झालं तवा मला भागाकार शिकवला. मला काय त्यो जमला न्हाई. पर जमत न्हाई म्हणलं की ते गप बसायचे, जेवायचे न्हाईत. मग मी कायबी आकडा टाकायची आन म्हणायची, भाग जात न्हाई."

"अकरा वर्षांवर पाणी फिरवलंत तुम्ही!" मी ओरडलो. ती पदराला हात पुसत राहिली.

केडगावला येऊन मी पंचेचाळीस हजारांपासून पुन्हा भागायला बसलो. चौथ्या महिन्यात ४८६११ आला. भागाकार ७०६५७, खाली शून्य. चारदा केला, चारदा शून्य. मला रडू आलं. राधाकृष्णासाठी नाही, खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीच. माझे तीस हजार अगदी बरोबर होते आणि आता त्यांचा कशालाही उपयोग नव्हता.

कागद खिशात घालून संगमनेरला गेलो. राहीबाई पार वाळली होती. दारातच तिनं विचारलं, "भाऊजी, लागला का भाग? तुमी वरडून गेलात तवापासून घास उतरत न्हाई. माझ्यापायी ते मरताना खोटं बोलून गेले का?"

वाटभर जे सांगायचं घोकत आलो होतो, ते तोंडातून निघेना.

"नाही वहिनी. भाग जात नाही."

"आगं आई! म्हंजी माझं खोटंबी खरंच निघालं!" ती हसली, डोळे पुसले आणि भिंतीवरच्या फोटोपुढं जाऊन मोठ्यानं म्हणाली, "ऐकलं का? भाऊजींनी सोत्ता भागून बघितलंय."

मला वर बघवलं नाही. शून्य आलं हे सांगावं असा माझा जगात एकच माणूस होता, आणि राहीबाई त्यालाच माझं खोटं ऐकवत होती.