फाटकातून बाळंतपण

फाटकाला कुलूप लागलं ते माझ्यामुळे. म्हणजे पूर्णपणे माझ्यामुळे असं नाही, पण बऱ्याच अंशी.

शाळेत भरलेल्या आमच्या पूरग्रस्त शिबिराच्या प्रमुख साहेबांनी मला सहज विचारलं होतं, "काका, तुम्ही त्या आंतरराष्ट्रीय कायद्यातले ना? परदेशी डॉक्टरांचं पथक आलंय. आत घ्यायचं का?"

मी कायद्यातला नाही. मी फक्त देशादेशांतल्या करारांची भाषांतरं केली, तीसुद्धा घरी, खिडकी बंद करून. पण मला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे विचारलं की मी हुरळतो. मी म्हणालो, "संकट ज्या देशावर आलं, त्याची संमती लागते."

एवढंच ऐकून त्यांनी शाळेच्या लोखंडी फाटकाला कुलूप घातलं. आत आम्ही पूरग्रस्त, बाहेर पथकाची गाडी, आणि संमती वरून यायची होती. वर लावायचा फोन पुरात बंद पडलेला.

"पण नकार मनमानी नसावा," मी मागून म्हणालो, "आणि उत्तर वेळेत द्यावं. अर्थात 'वेळेत' म्हणजे काय, याबद्दल दोन मतं..."

साहेब किल्ली खिशात टाकून निघून गेले होते. माझी वाक्यं ऐकायला लोक शेवटपर्यंत थांबत नाहीत, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पुतणीला कळा सुरू झाल्या.

पोर बाळंतपणाला आमच्याकडे आलेली. पुरात घर गेलं, म्हणून आमच्याबरोबर शाळेत. फाटकाजवळच्या कारकुनाच्या खोलीत टेबलं जोडून तिला झोपवलं. जवळ आमची ही. हिने उभ्या आयुष्यात दोन बाळंतपणं पाहिली होती, दोन्ही स्वतःची.

"अहो," ही खिडकीतून ओरडली, "त्या पथकातली डॉक्टरबाई फाटकाबाहेर उभी आहे, आणि तुम्ही दाढी काय खाजवताय?"

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "परवान्याशिवाय उपचार नाही. माझी नोकरी जाईल."

आता मी जे बोललो, ते मला कसं सुचलं देव जाणे. "उपचार नको. पण बोलायला परवाना कुठे लागतो? बोलण्याचा हक्क माणसाला आहे, सरहद्द मध्ये असली तरी."

साहेबांनी फाटकाकडे पाहिलं. गजांमधून शब्द जाऊ शकतात, हे त्यांना पटलं. "बोलू दे. पण पलीकडूनच."

अडचण अशी की बाईंची भाषा शिबिरात फक्त मला येत होती. म्हणजे वाचता येत होती. बोललो कधीच नव्हतो. मी फाटकाशी जाऊन, हात जोडून त्यांना कळवलं की, आपत्तिग्रस्त पक्ष आपल्या मौल्यवान सल्ल्याची विनंती करीत आहे.

बाई क्षणभर बघत राहिल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. मग त्यांनी विचारलं, कळा किती वेळाने येतायत?

मी मधल्या अंगणात उभा राहिलो. खिडकीकडे तोंड करायचं धाडस नव्हतं, म्हणून पाठ करून ओरडलो, "कळांची वारंवारता कळवावी!"

"काय कळवावी?" आतून ही.

"काका," आतून पुतणी कळवळली, "माणसासारखं बोला हो!"

व्हरांड्यात सगळं शिबिर जमलं होतं. पोहायला येत नसताना होडीत उडी मारून आलेला गिरणीवाला सगळ्यात पुढे. तो म्हणाला, "काका विचारतायत, कळ किती वेळाने येतेय!"

"सारखी येतेय म्हणावं!" ही ओरडली.

बाई म्हणाल्या, मग जोर लावायला सांगा.

इतक्या वर्षांची सवय हो. मूळ मजकुरापेक्षा जास्त ठामपणे भाषांतर करायचं नाही, हा माझा धर्म. मी घसा खाकरला आणि ओरडलो, "संबंधित व्यक्तीने, परिस्थिती अनुकूल असल्यास, यथाशक्ती जोर लावावा!"

व्हरांड्यात हशा फुटला. आतून पुतणीचं हसू आणि किंकाळी एकदमच बाहेर आली. "हसवू नका हो काका, मरेन मी!"

"परिस्थिती अनुकूल आहे!" गिरणीवाला नाचत ओरडला. "लावा जोर!"

"लावा जोर!" सगळा व्हरांडा म्हणाला. साहेबसुद्धा म्हणाले आणि मग इकडेतिकडे पाहून गप्प झाले.

हसू दे तिला, बाई गजांना धरून म्हणाल्या, अंग सैल पडतं. मी तेही कळवलं. 'हास्यास हरकत नसावी' असं काहीतरी. माझे कान तापले होते, पण खरं सांगायचं तर इतकी मजा मला कधी आलीच नव्हती. माझं प्रत्येक वाक्य लोक शेवटपर्यंत ऐकत होते.

आणि मग हिचा आवाज बदलला.

"अहो, डोकं आलंय. पण मानेभोवती नाळ आहे. घट्ट आहे. माझ्याने निघत नाही. विचारा ना लवकर!"

मी विचारलं. यावेळी आपोआप साधं विचारलं गेलं. बाईंचं हसू मावळलं. त्या म्हणाल्या, हे सांगून होणार नाही. मला हात लावावा लागेल.

सगळे साहेबांकडे बघायला लागले, आणि साहेब माझ्याकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका, एका शब्दात सांगा. आत घेऊ का?"

माझ्या घशात 'तथापि' होतं. त्याच्या मागे 'परंतु' उभं होतं. वरून उत्तर येत नाही, ती संमती समजावी की नकार, यावर मी एकदा पानभर टीप लिहिली होती, आणि तिच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

"हो," मी म्हणालो.

"हो, पण काय?"

"पण काही नाही. हो."

"कोणत्या कलमाखाली?"

"साहेब, किल्ली काढा!"

साहेबांनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. "दुसऱ्या पँटमध्ये राहिली. ती गच्चीवर वाळत घातलीय."

बाईंना भाषा कळली नाही, पण रिकामे खिसे कळले. त्यांनी बॅग गजांवरून माझ्याकडे फेकली (मी झेलली, माझा विश्वास बसेना) आणि त्या फाटकावर चढल्या. वर टोकाशी अडखळल्या, तेव्हा अलीकडून साहेबच वाकले. "इथे पाय द्या," म्हणाले, आणि पाठ पुढे केली. त्या पाठीवर चिखलाचा बूट उमटवून बाई आत पळाल्या.

मी अंगणात पाठ करून उभाच. बॅग कधी माझ्या हातून गेली ते आठवत नाही. गिरणीवाल्याने माझा दंड धरला होता की मी त्याचा, तेही नाही.

मग रडणं ऐकू आलं. सणसणीत, रागावलेलं.

आतून बाईंनी एक शब्द उच्चारला.

"काका, काय म्हणतायत?" पुतणी ओरडली. तिला समोर दिसत असणार, पण तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी वळलो. वळलो म्हणजे अगदी खिडकीकडे तोंड केलं. "मुलगी!" मी ओरडलो. "मुलगी! मुलगी!"

"बास?" ही खिडकीत आली. डोळे पुसत होती. "पुढे काही 'अर्थात' वगैरे?"

"नाही."

संमती आली ऊन कलताना, होडीतून, शिक्क्यासह. साहेब हरखले आणि लगेच हबकले. "अहो, आत यायला परवानगी आलीय, पण बाई तर आतच आहेत!"

मी सुचवलं की त्यांनी एकदा बाहेर जावं. किल्ली सापडली होती. बाईंनी हात धुतले, हसत बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. सगळं शिबिर फाटकाशी जमलं. पाठीवर बुटाचा ठसा घेऊन साहेबांनी कागद मोठ्याने वाचला: अटी, शर्ती, पोटशर्ती, आणि त्यांना अपवाद. वाचून झाल्यावर घाम पुसून माझ्याकडे पाहिलं. "काका, भाषांतर."

मी मागे पाहिलं. खिडकीत पुतणी बाळाला उंच धरून आम्हाला दाखवत होती.

मी फाटक उघडून धरलं आणि बाईंना त्यांच्या भाषेत म्हणालो, "या."

"एवढंच?" साहेब म्हणाले. "मी एवढं वाचलं!"

"एवढंच," मी म्हणालो.