पाठीला खिसा असलेली बंडी

मी बंडी बोलतेय. मांजरपाटाची, साधी, बिनबाह्यांची. समोर दोन खिसे आणि आत एक चोरखिसा, एवढं कुठल्याही बंडीला असतं. मला मात्र पाठीवरही एक खिसा आहे. हसू आलं ना? येऊ द्या. अर्ध्या लोणावळ्यानं हसून घेतलंय, त्यात तुमची भर. पण हसून झालं की जरा कान देऊन ऐका. मी इथं खुंटीला टांगलेली आहे, ज्याच्या अंगात मी असायला हवी तो खाली उताणा झोपलाय, आणि मला भीती वाटतेय.

भीती कसली, ते पहिल्यापासून सांगते.

धरण फुटून पुण्यात पूर आला, त्या वर्षीच्या दिवाळीला लोणावळ्याच्या बाजारातल्या एका शिंप्यानं मला शिवलं. शिंपी मोठा तोंडाळ. छातीचं माप घेताना गिऱ्हाइकाला म्हणाला, "कान्हूभाऊ, चिक्की करता का नुस्ती खाता?" गिऱ्हाईकही दिलखुलास हसलं. तोच माझा मालक, कान्हू.

कान्हू मूळचा लोहगडवाडीचा. गडाखालच्या भातावर घर चालेना, म्हणून लोणावळ्यात आला आणि चिक्कीच्या कारखान्यात कढईवर लागला. वलवणच्या अंगाला एक खोली, खोलीत बायको गंगी आणि म्हातारी आई येसूबाई. माणूस सोन्यासारखा, पण चिक्कीचा चुरा खाऊन खाऊन सुटला होता. मान इतकी जाड की डोकं कुठं संपलं नि खांदे कुठं सुरू झाले हे मलाही कळत नसे. भट्टी पहाटे पेटायची, त्यामुळं तो दुपारी घरी यायचा, भाकरी खायचा आणि आडवा व्हायचा.

पहिल्याच दुपारी तो माझ्यासकट उताणा पडला आणि घोरायला लागला. अगं बाई, काय ते घोरणं! शेजारची सरुबाई भिंतीपलीकडून ओरडली, "गंगे, घाट चढून इंजान आलं गं तुज्या घरात!" गंगी पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. नवीन होते ना, मला काय ठाऊक?

आणि मग एकदम सगळं गप्प झालं.

येसूबाई म्हणाल्या, "हां, आता लागली बग झोप." गंगीनं सुस्कारा सोडला आणि हातातलं भांडं आवाज न करता खाली ठेवलं. पण मी त्याच्या छातीवर होते हो! माझ्याखाली ती छाती ओढत होती, पोट वरखाली होत होतं, आणि वारा म्हणून आत येत नव्हता. गळ्याचं दार कुणीतरी आतून लावून घेतलं होतं. काळीज असं धडधडत होतं की माझी बटणं हलत होती. मी म्हटलं, गेला! आज अंगात घातली काय, आणि आजच मढ्याची बंडी झाले काय! तेवढ्यात रेडा पाण्यातनं डोकं वर काढतो तसा तो फुरकला, श्वास आला, आणि पुन्हा घोरणं सुरू झालं. घरातल्या दोघी कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "झालं, परत सुरू!"

तेव्हापासून रोज हेच, दुपारी आणि रात्रीही. ही भाबडी माणसं घोरण्याला वैतागायची आणि गप्प होण्याला देवाची कृपा म्हणायची. सगळं उलटं! घोरत होता तोवर तो जिवंत होता. गप्प झाला की मरणाच्या उंबऱ्यावर. हे एकट्या मला माहीत होतं आणि माझ्या तोंडाला जीभ नव्हती. याहून वाईट काय असतं सांगा.

उठायचा तो झोपण्याआधीपेक्षा जास्त दमलेला. डोकं ठणकायचं, तोंड कोरडं पडायचं, आणि कारखान्यात उभ्या उभ्या डोळे मिटायचे. कढईचा दुसरा कान धरणारा गेणू म्हणायचा, "काय रं कान्हूभाऊ, कढईत बघून झोप येती व्हय तुला?" शेठ त्याला कुंभकर्ण म्हणायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली आणि सांगितलं, "छाती स्वच्छ आहे. गूळ कमी खा." गुळाचं खरंच होतं. पण त्यांनी छाती तपासली ती जागेपणी, आणि जागेपणी तिला काही होत नव्हतं!

येसूबाईंचं म्हणणं वेगळं. "लेकाच्या छातीवर कायतरी येऊन बसतंय," असं म्हणून त्यांनी वाघजाईला नवस केला. आई, माझा लेक धडपणी झोपू दे, तुला नारळ आन कोंबडा देईन.

उन्हाळ्यात पाहुण्यांची गर्दी वाढली आणि कढया थंड होईनात. एका सकाळी पाक तयार झाला. उकळती कढई दोघांनी दोन्ही कानांना फडकी धरून उचलायची आणि तेल लावलेल्या पाटावर ओतायची, अशी रीत. कान्हू आणि गेणूनं उचलली. दोन पावलं टाकली नसतील, तोच कान्हूच्या डोळ्यांवर झापड आली. हातातला कान सुटला. गेणू "आरं मेलो, मेलो!" म्हणत मागं उडाला. कान्हू दचकून वळला, आणि पाकाचा सपकारा त्याच्या पाठीवर बसला. म्हणजे माझ्यावर. तो ओरडला, आणि मला ओरडता आलं असतं तर मीही ओरडले असते. मला सोलून काढताना त्याची कातडीही थोडी माझ्याबरोबर आली.

गेणू मटकन खाली बसला आणि म्हणाला, "आज माजी पोरंबाळं उगड्यावर पडली आसती रं." पुन्हा कधी त्यानं कान्हूच्या झोपेची थट्टा केली नाही. निदान बरेच दिवस. शेठनी मलम आणून दिलं आणि सांगितलं, "बरा झालास की ये. पण कढईवर पुन्हा झोपलास, तर येऊ नकोस."

मी कोपऱ्यात पडले. अंगावर गूळ, पाठीला भोक आणि मुंग्यांचं वऱ्हाड. तिथून मी पाहत होते. पाठ भाजल्यामुळं कान्हूला उताणं पडता येईना. तो कुशीवर झोपू लागला. आणि काय सांगू तुम्हाला! घोरायचा, पण बारीक, सलग. मध्ये गप्प होणं बंद. चार दिवसांनी तो उठला तो हसतच. "गंगे, डोकं कसं हलकं फूल झालंय बग. लय वर्सांनी झोपलो आसं वाटतंय." जखमेचा माणूस आणि हसतोय! गंगी बघतच राहिली.

सगळे म्हणाले, विश्रांतीचा गुण. जखम भरली. कान्हू पुन्हा उताणा झाला, आणि पहिल्याच दुपारी पुन्हा तो गप्पपणा आला.

गंगी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. या वेळी तिनं सुस्कारा सोडला नाही. उठून जवळ आली आणि त्याच्या नाकाशी तळहात धरला. वारा नव्हता. ती त्याला हलवणार, तोच येसूबाई कळवळून म्हणाल्या, "हात लावू नगंस गं! जीव भाइर गेल्याला आसतो. आंग हललं तर त्याला वाट घावायची न्हाई."

म्हातारीचं खरं असलं तर नवरा गंगीच्याच हातानं जाणार होता. पण तिनं डोळे मिटले आणि त्याला जोरानं कुशीवर लोटलं. श्वास आला, केवढ्यानं तरी आला. गंगी तिथंच बसली आणि रडत म्हणाली, "आत्याबाई, ह्ये झोपत न्हाईत. ह्ये मरत्यात आन परत येत्यात. भाजल्यालं हुतं तवा कुशीवर पडायचे, तवाच बरे हुते."

दुसऱ्या दिवशी तिनं मला गरम पाण्यात उकळून काढलं आणि माझ्या पाठीच्या भोकावर ठिगळ लावलं. तीन बाजू शिवल्या, वरची मोकळी सोडली. झाला खिसा! त्यात तिनं इंद्रायणीतला एक गोटा घातला. कान्हू त्यावर उताणा झाला आणि बोंबललाच, "आगं, नवरा हाय का चोर? पाठीला धोंडा काय बांधतीस!" मग करवंटी घातली. ती त्याच्या वजनाखाली फुटली आणि तिची टोकं मला आणि त्याला दोघांना टोचली. मग चिंध्यांचा चेंडू आला, तो बिचारा चपटाच झाला. कान्हू रोज रागवायचा आणि मी रोज फाटायची. मला वाटलं, आता ही बाई नाद सोडणार.

पण गंगीचा पीळ सुंभाचा. तिनं मोडक्या बाजेचं सुंभ सोडलं, त्याचा मुठीएवढा घट्ट गोळा वळला, वरून जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा गुंडाळला आणि माझ्या खिशात ठेवला. टोचत नव्हता आणि दबतही नव्हता. कान्हू झोपेत उताणा व्हायला लागला की मी त्याला मागून रेटायची, आणि तो न जागा होता पुन्हा कुशीवर वळायचा. त्या दुपारी मी एकदाही घाबरले नाही.

मग जे दिवस आले ते काय वर्णावे! कान्हू कढईवर खडखडीत जागा. पाकाची गोळी पाण्यात टाकून बघताना त्याचा हात स्थिर. गावाकडं जाताना भाजे गावापासून लोहगडवाडीपर्यंतची चढण त्यानं कुठं न बसता चढली. जेवताना गोष्ट सांगायला लागला तर ती शेवटपर्यंत सांगायचा. आधी मध्येच पेंगायचा ना! गंगीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. ती एकदा मला वाळत घालताना माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "तुजं लय उपकार हायेत बया." माझ्या जातीच्या कुणाला असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मला इतका आनंद झाला की वाळायचं विसरले!

पण सुख माणसाला पचत नाही. लेक बरा झाला म्हणून येसूबाई वाघजाईला जाऊन नवस फेडून आल्या. आल्या त्या म्हणाल्या, "कान्हू, आता ती गाठ काड. नवस फिटल्याव औषीद धरून ठिवत न्हाईत. देवीवर इस्वास न्हाई आसं हुतं त्ये."

गंगी हळूच म्हणाली, "आत्याबाई, बंडीचं मला देवीनंच सुचीवलं आसंल की."

म्हातारीनं तिथूनच देवीला हात जोडले. तेवढ्यावर निभावलं असतं. पण कान्हूलाच आता माझी लाज वाटत होती. गेणूची जीभ पुन्हा सुटली होती, "कान्हूभाऊ पाठीला पोर बांधून निजतो" असं त्यानं कारखानाभर केलं होतं. कान्हू म्हणाला, "बरा झालोय मी गंगे. किती दिस ही थेरं? लोकं हासत्यात."

"हासू द्या की! हासणाऱ्यांच्या दारातनं न्हाई निघायचं तुमचं..." एवढं बोलून गंगीनं ओठ चावला. असलं अभद्र तोंडातून काढायचं नसतं. कान्हूनं मला अंगातून काढलं आणि या खुंटीला अडकवलं.

अहो, तो बरा झाला नव्हता. मी होते म्हणून बरा होता. चष्मा लावून दिसायला लागलं म्हणून कुणी चष्मा फेकून देतं का?

तेव्हापासून गंगी रात्री अर्धीमुर्धी जागते आणि रोज दुपारी त्याच्या उशाशी बसते. तो गप्प झाला की ढोसते, श्वास आला की पुन्हा निवडण-टिपण करते. आज तिला रेशनच्या दुकानात जावं लागलं. जाताना सासूला सांगून गेली, "आत्याबाई, गप झाले तर हलवा बरं का. इसरू नगा." येसूबाईंनी मान डोलावली. पण हलवणार नाहीत त्या. मी त्यांना दोष देत नाही. जीव वाट चुकेल ही त्यांची भीती माझ्या भीतीइतकीच खरी आहे. लेकावरच्या मायेपोटीच त्या हात लावायच्या नाहीत.

तुमच्या घरी कुणी घोरत असेल तर हसा खुशाल. पण घोरता घोरता एकदम गप्प झालं, तर मेहरबानी करून "लागली झोप" म्हणू नका. उठा आणि त्याला कुशीवर करा. पाठीला माझ्यासारखी एखादी बांधा. लोकं चार दिवस हसतील.

थांबा. घोरणं थांबलंय.

हे मघाशीही दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा श्वास आला. आता येत नाहीये. पोट ओढतंय, मला इथून दिसतंय. येसूबाई आल्या. त्यांनी लेकाच्या तोंडावरची माशी हाकलली आणि त्याच्याकडं किती मायेनं पाहिलं! मग पाय न वाजवता दाराबाहेर गेल्या आणि उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं.

बाहेर गंगीचा आवाज येतोय. आली, आली बाई! येसूबाई तिला दबक्या आवाजात सांगतायत, "हळू बोल गं. गाढ झोपलाय." आणि सरुबाई अंगणातून विचारतेय, रांग मोठी हुती का, साकर घावली का.

आणि गंगी तिला सांगत उभी राहिलीय.

कान्हूचे ओठ निळे पडलेत. मी खुंटीवर आहे, मला हात नाहीत, माझा आवाज तुमच्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही. तुम्ही तरी हाक मारा तिला.

गंगे, साखर किती मिळाली ते मागून सांग. आधी आत ये.