केवळाबाईंचा उजवा पाय

मित्रांनो, पोखर्णीच्या रस्त्यावर एका गावाच्या मैदानात रंग उडालेले, जुने चालण्याचे यंत्र दिसले, तर ते मीच. वर धरायला दोन दांडे, खाली झुलणाऱ्या दोन पायपट्ट्या, एवढाच माझा देह. कारखान्यात लोखंडी नळ्या जोडून मला घडवले आणि टेम्पोत घालून इथे आणून रोवले.

सुरुवातीला पोरांनी माझा झोका केला. मग एका सकाळी केवळाबाई आल्या. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज व्यायाम सांगितला होता. पारावर बसलेली माणसे हसली, तशा त्या पदर सावरून परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या राजेश्रीला घेऊन आल्या. दोघी असल्यावर लोकांच्या हसण्याची भीती निम्मी झाली. पुढे चांगुणाबाई आल्या, रुपाली आली. त्यांच्या गप्पांनी मैदान जागे होऊ लागले.

पण ते सरळ चालले नाही. कापूस वेचणीला आला की बाया यायच्या बंद. कधी राजेश्रीच्या सासूचे दुखणे, कधी रुपालीचे बाळंतपण. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणावीत, मी आशा सोडावी, आणि एका सकाळी केवळाबाई पुन्हा हजर. पुन्हा सगळ्यांच्या दारात जाऊन हाका. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. मी लोखंडाचे, पण मला ते जमले नसते.

मग केवळाबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. त्या दार लावून घेतात, कुणाला भेटत नाहीत, असे बाया माझ्यापाशी हळू आवाजात बोलत. तरी बाया त्यांच्याकडे जात राहिल्या. कुणी वेणी घालून देई, कुणी अंगणात दोन पावले चालवी. डॉक्टरांनी होकार दिल्यावर बायांनी केवळाबाईंना धरून माझ्यापाशी आणले.

केवळाबाई म्हणाल्या, “माझ्यानं न्हाई होनार. तुमी करा, मी बघत बसते.”

राजेश्री म्हणाली, “मावशी, तुमी निसता पाय ठिवा. बाकीचं आमी बघूत.”

राजेश्री आणि चांगुणाबाईंनी त्यांना कमरेला धरले. रुपाली खाली बसली, त्यांचा उजवा पाय पट्टीवर ठेवला आणि हाताने पट्टी ढकलली. पाय पुढे गेला, मागे आला. कितीतरी सकाळी असेच चालले. एके दिवशी रुपालीने हात काढला, तरी पट्टी हलली. किंचितच. तो जोर माझ्या दांड्यांपर्यंत आला आणि मी थरारले. धट्टीकट्टी माणसे माझ्यावर चढून गेली होती. एवढा जोर मला कधी जाणवला नव्हता. चांगुणाबाईंनी डोळे पुसले.

आता केवळाबाई काठी घेऊन सगळ्यांसोबत रस्त्याने चालतात. मधे पडल्या, थांबल्या, पुन्हा निघाल्या. माझी एक पट्टी मात्र गंजून अडकली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या बाईचा व्यायाम सुटला, तर तिला चिडवू नका. पायात चप्पल घाला आणि तिच्याबरोबर निघा. जमले तर माझ्या सांध्यात थोडे तेल घाला. जिला हाक मारायला कुणी नाही, अशी एखादी बाई उद्या इथे एकटीच येईल. तिच्या पायाखाली मी हलले पाहिजे.