पाच पायांचा वाघ

आत्याची अट एकच होती: पणजीच्या शालीतली गोष्ट सबंध सांगायची, मगच मागाला हात लावायचा. त्यांच्या जमातीत गोष्टी लिहीत नसत; बायका विणून ठेवत. भाची तीन दिवस शाल अंथरून बसली होती, आणि दर वेळी गाडी त्याच एका वाघापाशी अडत होती.

वाघाला पाय पाच होते.

"आत्या, हा पाचवा कशाला?"

"जादूचा वाघ आहे तो."

"मग जादू कधी करतो?"

"जास्त प्रश्न विचारणारीला खातो. पुढं चल."

सूत घेऊन आलेल्या रंगाऱ्यानंही अक्कल पाजळली. "एखादा दमला तर बदली नको?"

पुढच्या पिढ्यांनी ही शाल पाहून पाचपायी वाघच विणला होता. गोष्ट तर सगळ्यांना पाठ: एक पोरगी कुणाला न विचारता रानात जाते, पुढच्या पट्ट्यात वाघ येतो आणि पोरगी दिसेनाशी होते. खाल्ली, दुसरं काय. हे सांगताना आत्याचा आवाज उगाच चढायचा. तिनं स्वतः आजवर नदीवरचा पूल ओलांडला नव्हता.

चौथ्या दिवशी भाचीनं शाल उलटी केली. वरची बाजू उन्हानं विटून सगळी तपकिरी झाली होती. आतले रंग मात्र शाबूत होते. एखाद्या रंगाचं काम संपलं की विणकरीण धागा कापते, लागणार असला तर मागून तसाच पुढं नेते. पोरीच्या झग्याचा लाल धागा कापलेलाच नव्हता. तो थेट वाघापर्यंत गेला होता आणि पाचव्या पायात उतरला होता.

"आत्या, खाल्लं नाही तिला. ती वाघाच्या पलीकडून चाललीय. आपल्याला तिचा एक पाय तेवढा दिसतोय."

आत्यानं चष्मा पुसला. धाग्यावरून बोट फिरवलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

"चाळीस वर्षं मी बिचारीला वाघाच्या तोंडी देतेय," ती म्हणाली. थोड्या वेळानं हळूच, "मग दोघं गेली तरी कुठं?"

शाल तिथंच संपत होती.

"विणल्याशिवाय कसं कळणार?"

"आगाऊ कुठली. आणि तीन दिवस अडखळलीस, ते विसरले नाही मी."

पण बोलता बोलता आत्या मागापुढच्या बाकावर सरकली, शेजारी एकीपुरती जागा झाली, आणि सुताच्या टोपलीत ती लाल धागा शोधू लागली.