नवरदेवाच्या कोटाचा खिसा

मंगळवारी सकाळपासून आत्याच्या पायांना भिंगरी लागली होती. मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून पडद्यापाशी, पडद्यापासून पुन्हा खिडकीशी. सुईत ओवायचा दोरा हातातच राहायचा. शनिवार चार दिवसांवर आला होता, शनिवारी सुनेची परीक्षा होती, आणि घराच्या मालकाला हे अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

घराचा मालक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सगळे त्याला मास्तर म्हणत. पुढे रस्त्याकडे तोंड करून शिवणाचं दुकान, मध्ये निळा पडदा आणि पडद्यामागे घर. लग्नाचा कोट शिवावा तर मास्तरांनीच, असं त्यांचं नाव होतं. आणि त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला एक नियम होता: घरातल्या विधवेने पडदा ओलांडायचा नाही आणि नवरदेवाच्या कापडाला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक बिथरतं म्हणे. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि आत्या माहेरी परतली, तेव्हापासून एक्केचाळीस वर्षं ती पडद्याच्या अलीकडेच होती. आता सोबतीला मास्तरांची सून आली. मास्तरांचा एकुलता एक मुलगा तापाने गेला, त्याला दीड वर्ष झालं. सून चोवीस वर्षांची.

"ताई, तिच्यावर लक्ष ठेव," मास्तरांनी बहिणीला बजावून ठेवलं होतं. आत्या लक्ष ठेवत होती, अगदी डोळ्यांत तेल घालून. काय दिसलं ते मात्र सांगत नव्हती.

दिसत होतं ते असं. काळ्या अस्तराचा एक तुकडा ही सुनेची पाटी. मेणाच्या खडूने त्यावर इंग्रजी शब्द लिहायचे, पाठ झाले की वरून गरम इस्त्री फिरवायची. मेण विरघळून अक्षरं नाहीशी, पाटी कोरी. परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा तर इंग्रजीचा एक पेपर द्यावा लागे. त्यात परिचारिकेसारखी नोंद करायची असे: कामाच्या पाळीत रुग्णाचं काय काय झालं, ते पाळी संपताना लिहून ठेवायचं. सगळं होऊन गेलेलं, म्हणून सगळं भूतकाळात.

"वॉक, वॉक्ड. टॉक, टॉक्ड. ईट, ईटेड... नाही, एट."

"आता हे का बदललं?" आत्याने विचारलं.

"काही शब्दांना नुसतं शेपूट लावायचं, काहींचं सगळं सोंगच बदलायचं."

"कुणी ठरवलं हे?"

"काय माहीत. कारण विचारायचं नाही, पाठ करायचं."

"मग आपल्या घरासारखंच की," आत्या म्हणाली, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या दुपारी सुनेने आत्याला खाटेवर निजवलं. "आत्याबाई, आज तुम्ही पेशंट. तासाभरात तुम्ही जे कराल ते मी लिहिणार." आता आत्या काय तासभर पडून राहते? ती पाणी प्यायला उठली, खिडकीशी गेली, मेल्या पेशंटला कामं नसतात का म्हणून कुरकुरली आणि शेवटी कोटाच्या बटणांची काजं करायलाच बसली. तास संपल्यावर सुनेने वहीतलं इंग्रजी वाचलं आणि अर्थ सांगितला: "बाई पाणी प्यायल्या. बाई दोनदा खिडकीशी गेल्या. बाईंनी तीन काजं केली. बाई झोपल्या नाहीत."

आत्याने सुई खाली ठेवली. तिने केलेलं काम आजवर कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. "काजांचं परत वाच," ती म्हणाली.

आणि काजं तरी कसली होती? मास्तरांचा अंगठा तरुणपणीच कात्रीत सापडला होता, बारीक सुई त्यांना धरवत नसे. मग नवरदेवाचा कोट फडक्यात गुंडाळून ते मागच्या खोलीत खुर्चीवर ठेवत आणि जेवायला बसत. जेवून उठत तोवर काजं झालेली असत. या विषयावर बहीणभाऊ आयुष्यात एक अक्षर बोलले नव्हते. नियम आपला जागच्या जागी होता!

"तुझ्या डोक्यात हे इंग्रजीचं खूळ शिरलं कुठून?" आत्याने एकदा सुनेला विचारलं होतं.

"तेवीस दिवस मी दवाखान्यात त्यांच्या खाटेशी होते," सून म्हणाली. "सिस्टर येऊन तासातासाला लिहून जायच्या. ताप किती, काय दिलं, काय झालं. सगळं माझ्या नवऱ्याबद्दल होतं आणि मला एक ओळ वाचता येत नव्हती. पुढे त्या सिस्टरांनीच मला इंग्रजीचं हे पुस्तक दिलं."

त्या पुस्तकात 'डाय, डाइड' ही जोडी होती. सून दरवेळी तिच्यावरून उडी मारून पुढे जायची. आत्याच्या ते लक्षात आलं होतं, पण ती बोलली नाही. बुधवारी सुनेने दात आवळून तो शब्द दहा वेळा लिहिला. डोळे भरून आले होते, त्यात मेणाचा खडू संपलेला. हाताला लागला तो साधा मातीचा खडू तिने घेतला. इस्त्री फिरवली तर अक्षरं जिथल्या तिथे. संध्याकाळी धुऊ म्हणून तिने तुकडा घडी करून ठेवला आणि ती भाकरी टाकायला गेली.

तेवढ्यात पडद्यापलीकडून हाक आली. "ताई, काळ्या अस्तराचा तुकडा दे गं, खिशाला कमी पडतंय." आत्याने समोरची घडी उचलून दिली. मास्तर घाईत होते. त्यांनी घडी न मोडता कडा शिवल्या आणि खिसा नवरदेवाच्या कोटाला बसवला.

शुक्रवारी सकाळी नवरदेवाचे वडील कोट घेऊन दुकानात उभे राहिले. खिशात घातलेला हात पांढरा होऊन आला, म्हणून त्यांनी खिसा उलटा केला होता.

"मास्तर, वाचता येतं का हे? इंग्रजीत 'मेला' लिहिलंय. दहा वेळा. माझ्या मुलाच्या लग्नाच्या कोटात."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यामागून सून म्हणाली, "अक्षर माझं आहे. उद्या माझी परीक्षा आहे, त्याचा अभ्यास करत होते."

"कसली परीक्षा?" मास्तर कडाडले. "ती पुस्तकं आधी चुलीत घाल. ताई, मागच्या दाराला कुलूप लाव. उद्या कुणी कुठे जाणार नाही." मग गिऱ्हाइकाकडे वळून ते अजिजीने म्हणाले, "साहेब, घरात विधवा सून आहे, पण आमच्याकडे नवरदेवाच्या कापडाला असल्या बाईचा हात लागत नाही. वडिलांपासूनचा नियम आहे."

आत्याच्या कमरेला किल्ल्या होत्या. तिने सुनेकडे पाहिलं. पोरगी पुस्तक पोटाशी धरून उभी होती. एक्केचाळीस वर्षं आपणही अशाच उभ्या राहिलो, हे आत्याच्या मनात आलं आणि तिचा जीव कळवळला. तिने पडदा सारला आणि ती दुकानात आली.

"तुकडा मी दिला, चूक माझी," ती म्हणाली. "पण विधवेचा हात चालत नसेल, तर खिसा राहू द्या, आधी ही काजं बघा. ती माझी आहेत."

"ताई, आत जा," मास्तर पुटपुटले.

"नाही जात. साहेब, याच्या अंगठ्याने सुई धरवत नाही, पस्तीस वर्षं झाली. तुमच्या लग्नाचा कोट इथलाच ना?"

"इथलाच."

"त्याचीही काजं माझीच. संसार बरा झाला की नाही?"

गृहस्थांनी कोटाची काजं अंगठ्याने चाचपून पाहिली. "झाला की," ते हळूच म्हणाले. मग घसा साफ करून त्यांनी कोट टेबलावर ठेवला. "खिसा तेवढा बदलून द्या. लग्न रविवारी आहे."

ते गेल्यावर मास्तर स्टुलावर बसले. "लोक काय म्हणतील, ताई?"

"ते तू बघ. मी उद्या हिच्याबरोबर जाणार." आत्याने किल्ल्या कात्रीशेजारी ठेवल्या. "आणि यापुढे काजं करीन ती इथे, उजेडात बसून. मागे कोट ठेवलास तर तसाच राहील."

शनिवारी आत्या परीक्षा होती त्या शाळेबाहेरच्या कट्ट्यावर तीन तास बसली. बसली कसली, उठली आणि बसली. सून बाहेर आली तेव्हा तिची बोटं शाईने माखलेली होती.

"आलं का लिहिता?"

"शेवटच्या प्रश्नात रुग्ण दगावतो, आत्याबाई."

"मग?"

"लिहिला तो शब्द. मग त्याच्या बायकोला कुणी पाणी दिलं, कुणी जवळ बसवलं, तेही लिहिलं. प्रश्नात नव्हतं, तरी लिहिलं."

निकाल लागायला अजून महिना आहे, तेव्हा तो मला विचारू नका. वाचकहो, तुमच्या कपाटात लग्नाचा कोट असेल. तो काढा आणि त्याची काजं नीट पाहा. ती कुणी केली हे शिंप्याला विचारून कळणार नाही. पडद्यामागे कोण बसलं आहे ते विचारा, आणि तो पडदा तुमच्याच घरातला असेल, तर आज संध्याकाळपर्यंत तो काढून टाका.